चौकात उड्डाणपूल हवा की नको, हे ठरवण्याआधी कोणती माहिती मागावी?

औंधकर (प्रश्न)

नमस्कार. पुण्यातील औंधमध्ये राहून मला बावीस वर्षे झाली, आणि त्यातील बराचसा काळ विद्यापीठ चौकातून शिवाजीनगरला नोकरीसाठी ये-जा करण्यात गेला. या चौकातील उड्डाणपूल उभे राहताना मी पाहिले, त्यांवरून रोज गेले, आणि 2020 च्या जुलैमध्ये, टाळेबंदीमुळे रस्ते मोकळे असताना, ते पाडतानाही पाहिले. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोची आखणी आणि जुने पूल एका जागेत बसत नव्हते, म्हणून जेमतेम दीड दशक वापरलेले पूल काढावे लागले. नंतर वाहनांसाठी एक मजला आणि त्याच्या वर मेट्रो अशी दुमजली रचना ठरली, आणि तिची औंधकडून शिवाजीनगरकडे जाणारी बाजू खुली व्हायला 2025 चा ऑगस्ट उजाडला. एवढी वर्षे आम्ही पत्र्यांच्या कुंपणामधून वाट काढली.

आता आमच्या घराजवळच्या एका चौकात उड्डाणपूल करावा, अशी मागणी पुढे आली आहे, आणि मोहल्ला समितीच्या बैठकीत आमच्या चार सोसायट्यांनी मिळून लेखी मत द्यायचे ठरले आहे. काही रहिवाशांना पूल हवाच आहे, कारण संध्याकाळी सिग्नल तीनदा हिरवा होऊनही गाडी चौक ओलांडत नाही. काहींना विद्यापीठ चौकाची पुनरावृत्ती होण्याची भीती वाटते. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते. जाणकारांनी कृपया सांगावे, की मत देण्याआधी आम्ही नेमकी कोणती माहिती मागावी?

निवृत्त अभियंता, कोथरूड

ताई, आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे, कारण निविदा निघाल्यानंतर असे प्रश्न विचारून फारसे काही साधत नाही. थोडे गणित मांडतो. सिग्नल नसलेल्या रस्त्याच्या एका लेनमधून तासाला साधारण 1,800 मोटारी जाऊ शकतात. त्याच लेनवर सिग्नल असेल आणि हिरवा दिवा एकूण वेळेच्या 40 टक्के मिळत असेल, तर ती लेन तासाला 700 च्या आसपास मोटारी सोडते. उड्डाणपूल झाला की आपल्या चौकातून सुटणारी वाहने पहिल्या वेगाने पुढे येतात, मात्र पुढच्या चौकातला सिग्नल त्यांना दुसऱ्याच वेगाने सोडतो. आपल्या दारातली रांग पुढच्या चौकातल्या लोकांच्या दारात जाते, आणि काही महिन्यांत तिचे शेपूट पुलावर चढते. म्हणून पहिली मागणी ही करा, की पूल जिथे उतरतो त्याच्या पुढच्या दोन चौकांचा अभ्यास आम्हाला दाखवावा. एकाच चौकाची आकडेवारी घेऊन केलेला आराखडा मी तरी अपुरा समजतो.

दुसरी गोष्ट लांबीची आहे. खालून बस आणि ट्रक जाण्यासाठी साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते आणि त्यावर तुळयांची जाडी येते. तीस मीटरला एक मीटर असा चढ धरला, तर चौकाच्या प्रत्येक बाजूला सुमारे दोनशे मीटर रॅम्प लागतो, आणि रॅम्पचा निम्म्याहून अधिक भाग भिंतीसारखा भरीव असतो. तेवढ्या लांबीत रस्ता ओलांडायला जागा उरत नाही. त्या पट्ट्यात शाळा, दवाखाना, मंडई किंवा बसथांबा आहे का, हे स्वतः चालत जाऊन मोजून या. नकाशावर ते कळत नाही.

पूल कुठेच नको, असे मात्र माझे म्हणणे नाही. चांदणी चौकात 2022 च्या 2 ऑक्टोबरला जुना पूल स्फोटकांनी पाडला आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये नवी रचना खुली झाली, ती मला योग्य वाटते. तिथे मुंबई-बेंगळुरू महामार्गावरची, पुण्यात थांबायचेच नसलेली वाहने आणि बावधन-मुळशी-कोथरूडची स्थानिक वाहने एकमेकांत गुंतत होती. त्यांना वेगळे करणे गरजेचेच होते. आपल्या चौकातील वाहनांपैकी किती सरळ पुढे जातात आणि किती त्याच परिसरात वळतात, हे कळल्याशिवाय पुलाच्या उपयोगाविषयी बोलता येणार नाही. वळणारी वाहने जास्त असतील, तर ती पुलाखालीच राहतील.

सिंहगड रोडवासी

आमच्या रस्त्यावर 2024 आणि 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने उड्डाणपूल खुले झाले. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला कालवा आणि मधे हा एकच मोठा रस्ता अशी आमची अवस्था असल्यामुळे, धायरीकडून स्वारगेटकडे जाणाऱ्यांना पुलांचा दिलासा मिळाला आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. पण माझी आई 74 वर्षांची आहे. ती पूर्वी घरासमोरूनच रस्ता ओलांडून भाजी आणायची. आता रॅम्पला वळसा घालून जावे लागते, आणि पुलावरून उतारावर सुटलेल्या दुचाक्या जिथे खालच्या वाहनांत मिसळतात, नेमके तिथेच ओलांडावे लागते. ती पिशवी छातीशी धरून उभी राहते, कुणी कॉलेजची मुलगी आली की तिच्या आडोशाने पलीकडे जाते. गेल्या पावसाळ्यापासून तिने भाजीला जाणे सोडले. वाचलेली मिनिटे मोजली जातात, तशी ही सुटलेली फेरीही कुणीतरी मोजायला हवी.

ऑस्टिनहून परतलेला

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात मी अकरा वर्षे राहिलो आणि आता बाणेरला आहे. पुण्यासारखेच तेही शिक्षणाचे आणि संगणक उद्योगाचे, झपाट्याने वाढलेले शहर. तिथे पूर्वी ईस्ट अव्हेन्यू नावाचा, मधोमध हिरवळ असलेला रुंद रस्ता होता. त्याच्या जागी 1962 मध्ये आय-35 हा महामार्ग शहराच्या ऐन मध्यातून गेला, आणि पूर्वेकडची कृष्णवर्णीयांची वस्ती, जी 1928 च्या नगर आराखड्याने मुद्दाम त्या बाजूला ढकललेली होती, ती उरलेल्या शहरापासून आणखी तुटली. पुढे वाहने मावेनात म्हणून एका भागात महामार्गाला वरचा मजला चढवला. आता तोच मजला काढून टाकून मुख्य मार्गिका जमिनीच्या पातळीखाली नेण्याचे काम 2024 पासून सुरू आहे. लांबी सुमारे 13 किलोमीटर, खर्च साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास, आणि मार्गिका कमी न होता वाढणार आहेत. खोल गेलेल्या रस्त्यावर छत टाकून दोन्ही बाजू जोडायच्या असतील, तर छताच्या खर्चाची तजवीज मुख्यतः शहरानेच करायची आहे. तोडायला जेवढे पैसे लागले त्याच्या कितीतरी पट पैसे जोडायला लागतात, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले.

आपल्याला जास्त उपयोगी पडेल असा धडा मात्र वेगळा आहे. बाहेरगावच्या ट्रकांनी शहरात येऊ नये म्हणून ऑस्टिनच्या पूर्वेला एसएच-130 हा बाह्यमार्ग बांधला. 2012 मध्ये खुल्या झालेल्या त्याच्या दक्षिण भागात ताशी 85 मैल, म्हणजे जवळपास 137 किलोमीटर वेगाला परवानगी आहे. तरीही टोल असल्यामुळे असंख्य ट्रक फुकटच्या आय-35 वरूनच जात राहिले. आपल्याकडे देहूरोड-कात्रज बाह्यवळण शहराला वळसा घालण्यासाठीच झाले होते, पण वाकड, बाणेर, वारजे, नऱ्हे सगळे त्याला येऊन भिडले आणि आज नवले पुलाच्या उतारावर जड ट्रक आणि ऑफिसला निघालेल्या दुचाक्या एकत्र असतात. त्यामुळे पुण्याभोवती नवा वर्तुळाकार रस्ता (रिंग रोड) होणार आहे एवढ्यावर समाधान मानू नका. जड वाहनांना त्यावरूनच जायला लावणारा नियम आणि त्यांना परवडणारा टोल असेल का, हेही पत्रात विचारा.

औंधकर

सर्वांचे मनापासून आभार. सिंहगड रोडच्या काकूंविषयी वाचून मी आज संध्याकाळी स्वतः चौकाच्या दोन्ही बाजूंना पावले मोजत गेले. दोनशे मीटरच्या आत एक शाळा, दोन बसथांबे आणि एक दवाखाना येतो. पत्राचा मसुदा असा करते: सरळ जाणाऱ्या आणि वळणाऱ्या वाहनांची वेगवेगळी गणना द्यावी, पुढील दोन चौकांचा अभ्यास जोडावा, रॅम्पच्या लांबीत पादचाऱ्यांनी कुठून ओलांडायचे ते नकाशावर दाखवावे, आणि मेट्रोची पुढील कोणतीही आखणी या रस्त्यावरून प्रस्तावित असल्यास ती आत्ताच लेखी कळवावी. काही राहिले का?

निवृत्त अभियंता, कोथरूड

एक राहिले. गणना वाहनांची होते, माणसांची होत नाही. आपल्याकडे हिशेबात एक बस साधारण तीन मोटारींएवढी धरतात. त्या बसमध्ये पन्नास माणसे असतात आणि तीन मोटारींत मिळून चार-पाच. पुण्याने 2006 च्या सुमारास कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशात सर्वांत आधी बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू केली होती, आणि पुढे पूल व चौक आखताना त्याच मार्गिका ठिकठिकाणी तुटत गेल्या. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने 2003 पासून मध्यवस्तीतला उन्नत महामार्ग पाडून चंगेचन ओढा मोकळा केला, तेव्हा 2004 मध्येच बससेवेची फेररचना करून रस्त्याच्या मधोमध बसमार्गिका दिल्या होत्या. म्हणून मसुद्यात लिहा, की गणना माणसांची करावी आणि पूल झाल्यास बस वरून जाईल की खालून, व थांबा कुठे असेल, हे स्पष्ट करावे. आणि ही गणना शाळा-महाविद्यालये सुरू असलेल्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवारमध्ये घ्यायला सांगा. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीतले आकडे आले, तर ते स्वीकारू नका.