मदत हवी आहे: नागपूरहून कोकणात कुत्र्याला घेऊन

डिसेंबरमध्ये दापोलीजवळ मुरुड-कर्दे किनाऱ्यावर चार दिवस राहायचा विचार आहे. सोबत आमची चार वर्षांची लॅब्राडोर, चिमणी. तिनं फुटाळा तलाव सोडून मोठं पाणीच पाहिलं नाही!

रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर तिला गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटं ठेवायचं. ते माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून कारनं, ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवरून. वाटेत मुक्काम कुठं करावा? कुत्र्याला खोलीत राहू देणारं घरगुती राहणं कोणाला माहीत आहे का? खारं पाणी प्यायलं की उलट्या-जुलाब होतात म्हणे, मग पोहताना तिला कसं आवरता? दापोलीत जनावरांचे डॉक्टर कुठं भेटतील, तेही सांगा जी.