६.५ क्रीडमूर (रायफलचं काडतूस) घरी रीलोड करायचंय, सुरुवात कशी करू?

डॅलसकर: मंडळी, बोल्ट ॲक्शन रायफल आहे, मॅच ॲमो (स्पर्धेच्या दर्जाची काडतुसं) विकत घेऊन घेऊन खिसा रिकामा झालाय. एकदा फायर केलेल्या २०० पितळी केसेस (काडतुसांची रिकामी कवचं) परत भरायला साठवल्यात. प्रोग्रेसिव्ह प्रेस (हँडलच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार करणारं यंत्र) घेऊ का? बायको विचारतेय गराज उडणार नाही ना 😄

जुना_नेमबाज: प्रोग्रेसिव्ह नको रे, सिंगल स्टेजच (एका वेळी एकच काम करणारा प्रेस) घे, वेळ लागतो पण प्रत्येक केस हातात येते, डोळ्याखालून जाते. पैसे वाचवायचे तर प्रेसवर वाचव, वजनकाट्यावर नको. आणि पावडरचा आकडा फोरमवर कुणाला विचारूच नकोस, छापील मॅन्युअलमधला स्टार्ट लोड (पावडरचं सुरुवातीचं, कमी माप) घे आणि हळूहळू वर जा. वहिनींना सांग, पावडर मूळ डब्यातच राहील आणि टेबलावर एका वेळी एकच डबा.

पितळवाला: सायझिंग (केस साच्यात दाबून परत मापात आणणं) करताना खांदा (केसच्या मानेखालचा उतार) फार मागे ढकलू नकोस, ०.००२ इंच पुरे, कंपॅरेटर (खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचं साधन) लावून मोज. केसची लांबी १.९२० इंचाच्या वर गेली की ट्रिम कर (तोंडाकडून कापून कमी कर), साधारण १.९१० ला आण. मी एकदा फोनवर बोलता बोलता दोन केसेस पावडर न भरताच सोडल्या, बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारली म्हणून दिसलं, नाहीतर बुलेट बॅरलमध्ये अडकली असती आणि मागून दुसरी झाडली असती तर संपलंच. तेव्हापासून फोन किचनमध्ये.

डॅलसकर: धन्यवाद दादा, सिंगल स्टेज फायनल. टॉर्च आहेच घरात.