वसतिगृहाचा बॉयलर: आधी युनिटांचा हिशोब करा

साताऱ्यातल्या वसतिगृहाचा जुना विजेचा बॉयलर काढून तसाच मोठा बसवावा, अशी सूचना आलीय. मला ते अजिबात पटत नाही. 1000 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला अशा बॉयलरला साधारण 46 युनिट वीज लागणारच, आतली तापवणारी कॉइल कितीही नवी असो. त्याऐवजी हीट पंप घ्या. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे तेच काम 16 ते 20 युनिटांत होतं. 60 अंशांच्या पाण्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं 2000 लिटर मिळतं. म्हणजे 80 मुलांना प्रत्येकी 25 लिटर.

फक्त एक, हिवाळ्यात हीट पंप पहाटे चालवू नका. गार हवेतून उष्णता कमी मिळते आणि वीज जास्त जाते. टायमर लावून दुपारी चालवा; टाकीला जाड इन्सुलेशन असेल तर पाणी सकाळपर्यंत गरम राहतं. हीट पंप पाणी सावकाश तापवतो, म्हणून टाकी सकाळच्या गर्दीच्या मापानेच घ्यायला हवी. गच्चीवर सौर पॅनल असतील तर दुपारची वेळ आणखीच सोयीची.

पाणी बोअरचं आहे का, हे कुणी विचारलंच नाही! जड पाण्याचे क्षार तापवणाऱ्या भागावर थर धरतात आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. टेंडरमध्ये वर्षातून एकदा क्षार काढण्याचं काम लेखी घालून घ्या. आणि जुनी कॉइल चालू असेल तर भंगारात देऊ नका, पंप बंद पडला तर ऐन परीक्षेत मुलांचे हाल होतील.