मदत हवी आहे : फोर्ट कोचीत गाईडसोबत सायकल टूर, बाबांना झेपेल का?

मंडळी नमस्कार, आम्ही सांगलीकर, डिसेंबरमध्ये मिरजेतून पूर्णा एक्स्प्रेसने कोचीला जायचं चाललंय, मी, बायको आणि बाबा. बाबांचं वय ६४, रोज सकाळी हरिपूरच्या संगमापर्यंत सायकल मारून येतात त्यामुळं सवय आहे पण साध्या सायकलची, गिअरची नाही. तिथं गाईड सायकलवरून जुन्या वस्त्या फिरवतात म्हणे, मासेमारीची चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च (वास्को द गामाला १५२४ साली आधी तिथंच पुरलेलं, नंतर लिस्बनला नेलं) आणि मग मट्टनचेरी, म्हणजे शेजारची मसाल्याची जुनी पेठ. खरं सांगायचं तर बाबांना मट्टनचेरीच बघायचीय, उभा जन्म हळदीच्या पेठेत गेला त्यांचा, तिथली मिरी-सुंठीची जुनी गोदामं कशी आहेत, माल कसा ठेवतात हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय, आणि मला ते काहीही करून दाखवायचंय.

तर कुणी केली असेल तर सांगा, गाईड गोदामाच्या आत नेतो की नुसतं बाहेरून दाखवतो? उंच माणसाला साधी सायकल मिळते का? हिंदी बोलणारा गाईड मिळेल का, बाबांना इंग्रजी जमत नाही आणि प्रश्न तर भरपूर विचारणार. दमट हवेत सकाळी किती वाजता निघावं? डच पॅलेस शुक्रवारी बंद आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी, म्हणून गुरुवार धरलाय, बरोबर आहे ना? परतीचं तिकीट अजून काढलं नाही, तुमचं उत्तर आलं की काढतो.