प्रतिसाद: नव्या फ्लाय रॉडची कसोटी जवळच्या फेकीत
९ फुटी, ५ नंबरच्या लाइनसाठीचा ताठ फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे कृत्रिम माशी फेकून मासे पकडण्याची काठी) मैदानावर ६० फुटांची फेक सहज देतो, म्हणून तो हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीतल्या ट्राउट माशांसाठीही योग्यच ठरेल, हे या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. फ्लाय लाइनचा, म्हणजे फ्लाय ज्या वजनदार दोरीने फेकतात तिचा, नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. तीर्थनच्या धोंड्यांमागील डोहांत फ्लाय टाकताना मात्र बऱ्याचदा जेमतेम १५-२० फूट लाइन बाहेर असते आणि तेवढ्या वजनाने ताठ रॉड पुरेसा वाकत नाही, त्यामुळे फेकीला जोर मिळत नाही. म्हणून गाइड सोबत असताना, मागे झाडी असलेल्या जागी रोल कास्ट (लाइन मागे न झुलवता पुढे टाकायची फेक) करून पाहावा आणि मासा लागल्यावर रॉडचे टोक बारीक टिपेट (लाइनच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा धागा) तुटू न देता कितपत सांभाळते, हेही पाहावे. माझ्या मते ही दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची आहे.