'भाव ठेवणे' की 'अवलंबून राहणे'? नम्र, लीन, दीन यांची चर्चा

वसईची वाट
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामातल्या (चर्चच्या पॅरिशमधल्या) तरुण मुलांसमोर उपवासकाळात दहा मिनिटं बोलायचं आहे. विषय मिळालाय 'नम्रता आणि देवावर अवलंबून राहणं'. लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'अवलंबून' हा शब्द या मुलांच्या पचनी कसा पडणार? शाळेत आपणच त्यांच्याकडून स्वावलंबनावर निबंध लिहून घेतले. परवा लेकीनेच ऐकवलं, "मम्मी, मी कुणावर डिपेंड राहणार नाही." आता तिलाच समोर बसवून परावलंबनाचं कौतुक करायचं का?
दुसरा घोळ असा की बायबलमध्ये नम्र, लीन, दीन असे तिन्ही शब्द भेटतात. फरक नेमका काय?

शब्दवेडा
ताई, आधी धातू पाहू. नम्र हा 'नम्' पासून, म्हणजे वाकणे. लीन हा 'ली' पासून, म्हणजे चिकटणे, विरघळणे, एखाद्यात मिसळून जाणे. दीन म्हणजे ज्याच्याकडे काही उरलं नाही असा. म्हणून नम्रता बाहेरून दिसते, लीनता दिसेलच असं नाही.
नम्रतेची नक्कल सोपी आहे, हे लग्नपत्रिकेवर कळतं. 'आपले विनीत' म्हणून नावं छापतात ती सगळ्यात ठळक टायपात. चौकातल्या फ्लेक्सवरच्या 'विनम्र अभिवादन'बद्दल तर बोलायलाच नको, अभिवादन करणाऱ्याचा फोटो महापुरुषाच्या फोटोपेक्षा मोठा!
आणि 'अवलंबून'मध्ये 'लंब्' आहे, लटकणे. लोंबकळणे आणि लंबक त्याच घरातले. विरार लोकलच्या दांड्याला लटकून रोज अंधेरी गाठणाऱ्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागू नये.

वसईची वाट
हाहा, दांड्याचं उदाहरण उचलते. पण 'दीन'ची अडचण आहेच. डोंगरावरच्या प्रवचनाचं पहिलंच वाक्य, "जे आत्म्याने दीन ते धन्य". मुलांच्या डोळ्यांपुढे दीनवाणा चेहरा येतो. धन्य कसला, कीव यावी असा.

कोर्लईकर
दीनवाणा हा चेहरा झाला, दीन ही अवस्था. मला हा फरक उशिरा कळला, म्हणून जरा लांबण लावतो.
आमच्या घरी कोर्लईची पोर्तुगीज वळणाची बोली चालते, मराठी शाळेत आणि बाजारात शिकलो. त्यामुळे मराठी शब्द मला थोडे बाहेरून दिसतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. आमचे पत्रे उडाले, माडाच्या झावळ्या थेट देव्हाऱ्यापर्यंत आल्या. लॉकडाऊन चालू, दुकानं बंद, वीज कित्येक दिवस नाही. त्याआधी मी कायम देणाऱ्यांत होतो. चर्चची वर्गणी असो, कुणाच्या मुलाची फी असो, कुणाचं आजारपण असो, पाकीट पुढे करायची सवय. देताना मान खाली घालायचो, लोक म्हणायचे किती नम्र माणूस. मलाही ते पटायचं.
त्या संध्याकाळी शेजारच्या आगरी घरातला मुलगा ताडपत्री घेऊन आला. माझ्या तोंडून निघालं, "नको, आमचं भागेल." पाऊस चालू, आई भिजतेय, आणि मी म्हणतोय भागेल! आईनेच पुढे होऊन ताडपत्री घेतली, वर म्हणाली, "दोरी पण आण रे बाबा."
तेव्हा लक्षात आलं, मला हात जोडता येत होते, पसरता येत नव्हते. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" हे लहानपणापासून म्हणत आलो, पण फ्रीज भरलेला ठेवून. 'आज' हा शब्द किती छोटा आहे ते त्या आठवड्यात कळलं. आईची प्रार्थना त्या रात्री नेहमीचीच होती. फक्त माझी पहिल्यांदा खरी होती.

उत्तनची होडी
वा दादा. 'नको, भागेल' हे आमच्याही घरचं ब्रीदवाक्य आहे.
माझे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये बोटी सुटण्याआधी धर्मगुरू येऊन पवित्र पाणी शिंपडतात. त्याच बोटीवर जीपीएस आहे, वायरलेस आहे, मोबाइलमध्ये हवामानाचा अंदाज आहे. मी एकदा चेष्टेत विचारलं, मग पाणी कशाला शिंपडायचं? वडील म्हणाले, "अंदाज वाऱ्याचा मिळतो. वारा मिळतो का?" त्यांच्या तोंडी 'देवावर हवाला' हा शब्द आहे. पण ते हवाला ठेवतात ते जाळं शिवून, डिझेल भरून, लाइफ जॅकेटं मोजून झाल्यावर.

शब्दवेडा
'हवाला' अस्सल आहे. मूळ अरबी, स्वाधीन करणे, दुसऱ्याकडे सोपवणे. पण ताईंनी चर्चमध्ये वापरताना जपून. हल्लीच्या मुलांना हवाला म्हटलं की छापे आणि नोटांच्या थप्प्या आठवतात.

मालवणी मुलूख
आमच्याकडे याला दोनच शब्द, 'देवाक काळजी'. घरात तांदूळ नाय, चलीचा लग्न ठरना नाय, बोट परत येवक नाय, सगळ्याक एकच उत्तर. हिंदू म्हणतत, किरिस्तांव पण म्हणतत. काळजी माझी नव्हे, त्याची. एवढा सोपा सोडून तुम्ही धातू कित्याक शोधतास?

खारा वारा
मला इथे थोडं खटकतंय. 'देवाक काळजी' म्हणत ओटीवर बसून राहिलेले खूप पाहिलेत. आणि 'लीन हो' हे कुणाला सांगितलं जातं तेही पाहिलंय. सुनेला, मोलकरणीला, खलाशाला. बोटमालकाला कुणी सांगत नाही. मुलांसमोर बोलताना हे टाळू नका, विशेषतः मुलींसमोर.

जुना मास्तर
खारा वारा यांचा मुद्दा रास्त आहे, आणि भाषाच त्याला दुजोरा देते. 'नमणे'चं प्रयोजक रूप 'नमवणे' आपल्याकडे सर्रास आहे. शत्रूला नमवलं, असं म्हणतो. शत्रूला लीन केलं, असं कुणी म्हणतं का? फिलिप्पैकरांच्या पत्रात ख्रिस्ताबद्दल शब्द आहेत ते 'स्वतःला लीन केले'. स्वतःला. दुसऱ्याने दाबून खाली बसवलं तर ते नमवणं झालं, त्याला लीनता म्हणू नये.
आता 'देवाक काळजी'. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. सहाव्या ओवीत, बघा, सवयीने ओवी म्हणालो, सहाव्या वचनात देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हायला सांगितलंय आणि लगेच सातव्यात म्हटलंय, त्याच्यावर आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. चिंता आपली, काळजी त्याची. मालवणी माणसाने दोन शब्दांत तेच सांगितलं.
(ओवी तोंडात येणं अगदीच चूक नाही. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीतच लिहिलं, ते १६१६ साली छापलं गेलं. दापोलीजवळच्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या ना. वा. टिळकांनी पुढे ख्रिस्तभक्तीला अभंग दिला. आपल्या प्रार्थनेची भाषा अशी वारकऱ्यांच्या वाटेवरून चालत आली आहे.)
आणि ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस." नीट पाहा. देवाच्या बाबतीत 'भाव ठेव', आणि 'अवलंबून' हा शब्द आलाय तो स्वतःच्या बुद्धीसाठी. तुमची लेक म्हणते ती कुणावर अवलंबून राहणार नाही. हे वचन तिला विचारतं, मग स्वतःच्या हुशारीवर लटकली आहेस त्याचं काय?

वसईची वाट
मास्तर, हे वचन मला पाठ आहे. तिसरीत बक्षीस मिळालं होतं त्याचं. तरी कधी दिसलं नाही!

शब्दवेडा
आणि 'भाव'ची गंमत बघा. ठेवला तर श्रद्धा, खाल्ला तर अहंकार. भाव खाणाऱ्याला भाव ठेवता येत नाही.

खारा वारा
हे चालेल. तरी ओटीवर बसणाऱ्यांसाठी तांडेलबाबांची लाइफ जॅकेटं घालाच त्यात.

वसईची वाट
घालणार. ताडपत्रीही घालते, कोर्लईकर दादांची हरकत नसेल तर. सुरुवात मुलांना प्रश्न विचारून करीन, तुमच्या घरात भाव कोण खातं. लेक माझ्याकडेच बोट दाखवणार हे माहीत आहे.

कोर्लईकर
हरकत कसली! फक्त "दोरी पण आण" गाळू नका. आई विचारेल.

उत्तनची होडी
आणि ताई, उदाहरणाला पापलेट घेऊ नका. ते बारा महिने भाव खातं.