शॉवरपेक्षा दोरी महत्त्वाची

सायकलने कामावर येणाऱ्यांसाठी ऑफिसने कोणत्या सोयी कराव्यात, या चर्चेत आधी शॉवर बांधावेत, असं बहुतेकांनी लिहिलंय. माझं मत जरा वेगळं आहे. कोथरूड ते हिंजवडी मी चार वर्षं सायकलने जातोय. आमच्याकडे शॉवर आहे, पण किल्ली ॲडमिनकडे आणि ॲडमिन उगवतं दहाला. मी पोचतो आठला! त्यामुळे ओला पंचा आणि बॅगेतला कोरडा शर्ट यावरच भागतं.

खरी पंचाईत पावसाळ्यात होते. रेनकोट, मोजे, भिजलेली पँट खुर्चीवर टाकली की शेजारचे नाकं मुरडतात. शेवटी हाउसकीपिंगच्या मावशींनी मागच्या जिन्याखाली नायलॉनची दोरी बांधून दिली. आजवर मिळालेली सगळ्यात मोठी सोय हीच.

स्टँडचंही बघा. फक्त पुढचं चाक अडकवायचा स्टँड असेल तर फ्रेमला नीट कुलूप लागत नाही. चाक झटपट निघणारं असलं तर चोर चाक सोडून सायकल नेईल. जमिनीत रोवलेला उलट्या यू आकाराचा पाइप हवा, तोही वॉचमनच्या नजरेसमोर.

पैशांचं म्हणाल, तर नेदरलँड्समध्ये २०२४ पासून कंपनी किलोमीटरमागे ०.२३ युरोपर्यंत करमुक्त प्रवासभत्ता देऊ शकते, सायकलने आलात तरी. आमच्याकडे कारवाल्यांची पेट्रोलची बिलं बिनबोभाट पास होतात. मी एकदा ट्यूबचं २८० रुपयांचं बिल लावलं, तर अकाउंट्सवाल्यांनी ते हसत हसत परत पाठवलं.